हिराबोळाच्या धुरीची चरवी

मित्रांनो, सावरून बसा, आणि माझे बोलणे संपेपर्यंत उठू नका. मी एक जुनी चरवी आहे. पितळेची नव्हे, मातीचीही नव्हे. रानझुडपांच्या मुळ्यांची विणलेली. सोमाली उंटपाळांच्या मुलखात ईल-मेगाग नावाचे विहिरींचे गाव आहे, तेथे माझा जन्म झाला. मुळ्यांच्या भांड्यात दूध टिकते कसे, असा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. ज्या हातांनी मला विणले ते हात तुम्ही पाहिले असते, तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

ते हात अंबरोचे होते. तिने मुळ्या खणून आणल्या, सोलल्या, दातांनी चिरल्या आणि ओल्या असतानाच वेटोळ्यावर वेटोळे घट्ट शिवत नेले. एखादा टाका सैल पडला, तर ती तो उसवून पुन्हा घालीत असे. शेजारणी हसत. "अगं, चरवी विणतेस की किल्ला बांधतेस?" अंबरो मान वर न करता म्हणे, "किल्ल्यातून पाणी गळलं तर चालतं, बायांनो. माझ्या चरवीतून दूध गळलेलं मला चालायचं नाही."

विणून झाल्यावर मला धुरी मिळाली. आमच्याकडे दुधाचे भांडे पाण्याने नव्हे, विस्तवाने स्वच्छ करतात. धगधगता निखारा आत टाकायचा, झाकण दाबायचे, भांडे गरगर फिरवायचे आणि राख झटकून टाकायची. प्रत्येक घराचे लाकूड वेगळे, म्हणून प्रत्येक घराच्या दुधाला वासही वेगळा. अंबरोच्या आईने लाकडासोबत हिराबोळाच्या सालीचा एक तुकडा जाळण्याची रीत घातली होती. ती रीत दुसऱ्या कोणत्याही घरात नव्हती. "तुमच्या घरचं दूध प्यायचं की पोटदुखीवर घ्यायचं?" असे गाव चिडवीत असे. चिडवणारेच पुन्हा वाडगा पुढे करीत, हेही मी पाहिले आहे.

विणणे, धुरी देणे आणि दूध वाटणे हे आमच्यात बायकांचे काम. उंटिणीची धार मात्र पुरुषाने काढायची. अंबरोचा नवरा वारला होता, म्हणून तिचा भाऊ बुल्हान धार काढी. एका पायावर उभा राहून, दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर मला तोलून, तो दुबाद नावाच्या उंटिणीशी गुणगुणत असे. दुबाद आधी माझ्यात नाक खुपसून धुरीचा वास घेई आणि मगच पान्हा सोडी. मला हुंगल्याशिवाय तिने कधी थेंब दिला नाही. मोठ्या घरच्या उंटिणीला एवढा मान असायचाच.

मग दुष्काळ आला. त्याचे वर्णन मी करणार नाही. अंबरोचा कळप गेला, आणि एका वावटळीत दुबादही भरकटली. अंबरोजवळ दोन शेळ्या, लहानगी मुलगी दीको आणि मी एवढेच उरलो. तरीही ती दर शुक्रवारी मला हिराबोळाची धुरी देत राहिली. "रिकाम्या भांड्याला कसली धुरी देतेस?" बुल्हान विचारी. ती म्हणे, "भांडं रिकामं आहे. घर रिकामं नाही."

काही वर्षांनी शेळ्याही आटल्या. गाव सोडून शहराबाहेरच्या मदत-छावणीत जाण्यावाचून गत्यंतर नाही, असे ठरले. निघण्याच्या आदल्या दिवशी अंबरो विहिरीवर गेली आणि गूताले नावाच्या तरुण उंटपाळाच्या कळपात तिला दुबाद दिसली. तिने हाक मारली. दुबादने मान वळवली.

गूताले हा सरळ माणूस होता, परंतु जीभ मोठी तिखट. नाते नसले तरी तो तिला आत्याच म्हणे. तो म्हणाला, "आत्या, पाठीमागून एवढ्यानं ओरडलं तर मीसुद्धा मान वळवीन. म्हणून काय मी तुमचा उंट झालो? हिच्या मानेवर माझ्या बापानं तापल्या लोखंडानं दिलेला मालकीचा डाग आहे. आणि ही कामाचीही नाही. वासरू परवाच मेलं, तेव्हापासून थेंब देत नाही. उद्या बंदराकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याबरोबर पाठवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली पंचांची बैठक बसली. अशा बैठकीत बायकांनी बोलायचे नसते; त्या काटेरी कुंपणाबाहेर बसून ऐकतात. अंबरोही तेथेच बसली. जाण्यापूर्वी तिने मला ताजी धुरी दिली आणि बुल्हानच्या हाती सोपवले. "मला आत येता येत नाही," ती म्हणाली. "हिला येता येतं."

बुल्हानने आपले म्हणणे मांडले. गूताले ताडकन उठला. "भटकं जनावर सांभाळावं, धनी आला की परत द्यावं, त्याच्या डागावर डाग देऊ नये, ही रीत मला ठाऊक नाही का? माझा बाप कबरीत आहे. तो चोर होता, असं म्हणायचंय तुम्हाला?"

 तेव्हा वयोवृद्ध पंच गेल्लेकाका काठी आपटून म्हणाले, "कबरीतल्या माणसाला कशाला उठवतोस? उंटीण जिवंत आहे, तिलाच विचारू."

"विचारा की!" गूताले हसला. "तिनं या टोपलीत एक थेंब जरी दिला, तरी ती आत्याची. मीच दोर सोडीन."

बुल्हानने मला दुबादच्या तोंडापुढे धरले. मित्रांनो, त्या क्षणी एका घराचा संसार माझ्या पोटातल्या वासावर टांगलेला होता. दुबादने नाक खुपसले. ती थबकली. मग तिने असा लांब, खोल हुंकार दिला की तो माझ्या टाक्याटाक्यातून घुमला. तिने मागचे पाय फाकवले. बुल्हान एका पायावर उभा राहिला, गुणगुणू लागला, आणि धार पडली. पहिल्यांदा थेंब, मग फेस, मग काठोकाठ.

कुंपणाबाहेर एक बाई मोठ्याने रडली. ती अंबरो नव्हती. अंबरो रडत नसे.

गेल्लेकाकांनी दुबादच्या मानेवरून सावकाश बोटे फिरवली. "खाली जुना डाग आहे," ते म्हणाले. "दुष्काळात हिला खरूज झाली असणार. खपल्यांखालचा डाग तुझ्या बापाला दिसला नाही, पोरा. खपली चोर असते, माणूस नव्हे."

गूतालेने दोर सोडला. तेव्हा कुंपणाबाहेरून अंबरोचा आवाज आला. रीत मोडून ती बोलली, आणि तिला कोणी अडवले नाही. "बुल्हान, पहिलं दूध गूतालेच्या घरी दे. त्याच्या बापानं दुष्काळात माझी उंटीण जगवली. तिचं पुढचं वासरूही त्याचंच."

गूतालेने तेथेच मला तोंड लावले आणि तोंड वाकडे केले. "आत्या, कडू लागतंय."

"वासरू न्यायला येशील ना," अंबरो म्हणाली, "तेव्हा गोड लागेल."

छावणीचे गाठोडे त्याच दिवशी सुटले. पुढे अनेक वर्षे मी त्या घरात भरले आणि रिती झाले. अंबरो गेली. दीकोचा कळप वाढला, आणि मग बाजारातून पिवळे प्लास्टिकचे डबे आले. ते हलके असतात, स्वस्त असतात, त्यांना धुरी लागत नाही. दीकोच्या सुनेने मला भिंतीवर टांगले. येणारे-जाणारे म्हणत, "वा, काय सुंदर विणकाम!" अशी स्तुती ऐकताना माझे टाके वाळत होते आणि माझ्यातला वास रोज थोडा विरत होता. ज्या भांड्याला धुरी मिळत नाही, ते दिसते तसेच, पण आतून मरते.

गेल्या ईदच्या सकाळी काठी टेकत एक म्हातारा दारात आला. त्याने मला खुंटीवरून काढले, झाकण उघडले आणि नाक खुपसले. 

"दीको," गूताले म्हणाला, "कडूपणा कुठं गेला हिचा? निखारा आण. आणि सुनेलाही बोलाव. तुझ्या आईची साल कोणती, हे तुझ्याबरोबर कबरीत जाऊ देऊ नकोस."

सून आली. तिने स्वतःच्या हाताने निखारा टाकला, दीकोने सांगितली तेवढी साल टाकली, आणि मला गरगर फिरवले. तिला ठसका लागला, दीको हसली. मी पुन्हा तापले.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी खुंटीवर टांगलेले असेल. त्याची नुसती धूळ झटकू नका. त्याला कोणती धुरी लागते, हे ज्या म्हातारीला ठाऊक आहे, तिच्याकडे आजच जा आणि विचारा.

आता उठलात तरी चालेल.