मालनची तार

आठ दिवस रुक्मिणीचा कान तारवाल्याच्या सायकलकडे होता. गावाहून भावाचं, जयवंतचं, पत्र आलं होतं : आईने अंथरूण धरलंय, जास्त झालं तर तार करतो, तार मिळाली की तशीच निघ. घाटकोपरच्या त्या डोंगरावरच्या खोलीत तिची पिशवी भरून खुंटीला तयार होती.

मंगळवारी दुपारी नळावर बायकांची झुंबड असताना तारवाला चढून आला.

"मालन धाकू परब कोण?"

"कोण ही मालन? नवीन भाडेकरीण का रे?" शेजारची चंपा हसली.

रुक्मिणीची कळशी नळाखाली होती; पाण्याच्या आवाजात तिला नुसतं 'मालन' एवढंच ऐकू आलं. "इथे मालन कोणी नाही रे बाबा," तीच म्हणाली. "आमच्या ह्यांच्या, दशरथ गावडेच्या नावाची आहे का, बघ."

"नाही," म्हणत तो उतरून गेला.

बुधवारी भांडी घासताना चंपाला काय सुचलं कोण जाणे. "अगं, कालची ती मालन कुणाचं माहेरचं नाव असेल. मी नाही का सुगंधा होते! आता कुणी सुगंधा म्हणून हाक मारली तर मी मागे वळूनही बघायची नाही."

रुक्मिणीच्या हातातलं पातेलं तिथेच राहिलं.

मालन हे तिच्या आजीचं नाव. आजी गेली तेव्हा आई दहा वर्षांची होती. 'आये' म्हणायला कोणी उरलं नाही, निदान आईचं नाव तरी तोंडात राहावं, म्हणून पुढे तिने लेकीला ते ठेवलं. पण सासरी मोठ्या जावेचं नावही मालनच. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'रुक्मिणी' लिहिलं गेलं. त्याला सत्तावीस वर्षं झाली. भावाची पत्रं तर कायम दशरथच्याच नावाने यायची.

ती तशीच अनवाणी पोस्टात धावली.

"पत्त्यावर कोणी नाही, असं लिहून आलंय," तारबाबू म्हणाला. "असं कुणी सांगितलं?"

"मीच."

त्याने तार वाचून दाखवली. आई अत्यवस्थ, ताबडतोब ये.

गुरुवारी सकाळची एसटी धरून ती निघाली. घरी पोचली तेव्हा ओटीवर आईची चटई गुंडाळून ठेवलेली होती. आई बुधवारी दिवेलागणीला गेली होती.

जयवंत खांबाला टेकून बसला होता. "मी भावजींचा नाव घालणार होतंय," तो म्हणाला. "पण आये ऐकाक तयार नाय. म्हणाली, माझ्या चेडवाचा नाव मालन, तसाच लिव."

रुक्मिणी गुंडाळलेल्या चटईजवळ बसली.

"काल दिवसभर वाट बघल्यान. आमी म्हटलंव, येना नाय वाटता. तर म्हणता कशी, तार गावली म्हणजे ती थांबाची नाय. मालन गाडयेत बसली असतली." त्याने डोळे पुसले. "तार उशिरा मिळाली काय गो?"

"हो," ती म्हणाली.