चिंधी बांधलेलं घोसाळं

"अहो, भांडं घासताय की माझी पाठ?"

पंपवाल्याचा हात थांबला. आयुष्यभर विहिरींवरच्या मोटारी खोलून हात राठ झालेले, त्यात वेलावरच वाळवलेल्या गेल्या वर्षीच्या घोसाळ्याची घासणी. अंथरुणाला खिळल्यापासून बायकोची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. तिच्यावर लाल रेघा उठल्या.

"कितीदा सांगितलं, हिरवं असतानाच सोला. मऊ निघतं."

"आणि टिकतं किती?"

"मला तरी कुठं फार दिवस लागणार आहे!" ती हसली. त्याला हसता आलं नाही.

तो परसात गेला. वेल या वर्षी उशिरा धरला होता. त्यानं एक घोसाळं सोललं, तर आत धागाच नव्हता. नुसता बुळबुळीत गर. दुसरंही तसंच. धागा धरण्याइतकं जून झालेलं एकच होतं, बुडाजवळचं, देठाला निळी चिंधी बांधलेलं. ते बियाचं. पहिलं फळ बायको दरवर्षी राखायची आणि वाळून खुळखुळलं की उतरवायची. पुढचा वेल त्याच बियांचा. आता खाटेवरून खिडकीतून ती त्या घोसाळ्याकडेच बघत पडलेली असे.

"बाबा, त्याला हात लावू नका," लेक म्हणाली. "आई रोज विचारते, वाजतंय का म्हणून. बी कच्चं निघालं तर पुढच्या वर्षी काय लावाल?"

"पुढच्या वर्षी पाठ कुणाची घासायची?"

लेक आत गेली.

बायकोचा डोळा लागल्यावर त्यानं घोसाळं कापलं, भिजवून सोललं, पिळून पिळून धुतलं. बिया पांढऱ्या, चपट्या निघाल्या. एकही काळी झालेली नव्हती. मग जुनी घासणी त्यानं त्याच देठाला, त्याच चिंधीनं बांधली. तिच्या अधू डोळ्यांना एवढ्या लांबून पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी नवी घासणी पाठीवरून फिरली.

"लागतंय?"

"छे. कुणी हात फिरवल्यासारखं वाटतंय." तिनं डोळे मिटले. "बियाचं वाळलं का हो?"

"वाळतंय."

"वाजलं की काढा. आधी नको. तुम्हाला भारी घाई."

"बरं."

ती गेली तेव्हा नवी घासणी अजून नवीच होती.

पुढे वेल सुकला. लेक तो उपटायला लागली तेव्हा पंपवाल्यानं तिला थांबवलं. चिंधीची गाठ त्यानं स्वतः सोडली. जुनी घासणी हातात घेतली आणि कानाशी नेऊन हलवून पाहिली.