दोन घरांचा निरोप

विश्वजितला यातून मिळणार होतं ते एवढंच : मामा गेल्याचं सगळ्यांत आधी आपण कळवलं, हा मान. मामांच्या भावकीत या मानाला भाव होता. दहाव्याला पुढं बसायला मिळतं, 'तवा मीच हुतो तितं' असं चारचौघांत सांगता येतं. एरवी कुंडलात शिष्यवृत्तीच्या गणिताची शिकवणी घेणाऱ्याला कोण पुढं बसवतो?

म्हणून मलकापूरच्या दवाखान्यात आकाराममामांची खाट रिकामी, चादर बदललेली आणि दाराशी एक बाई रडताना दिसली, तेव्हा त्यानं नर्सला विचारलंसुद्धा नाही. गावात दोन फोन केले. "मामा गेलं." पुढचं भावकीच्या रिवाजावर सोडलं. असा निरोप आला, की चुलीवरचा चहा उतरायच्या आधी दोन घरांना कळवायचं.

अर्ध्या तासानं मामांना स्ट्रेचरवरून परत आणलं. तपासणीला खाली नेलं होतं. रडणारी बाई शेजारच्या खाटेवरच्याची निघाली.

"इश्वा, च्या मिळंल का रं?" मामा म्हणाले.

 मामी, रंगूबाई, घरी एकटी होती. घरातला एकुलता फोन मामांचा, आणि तो विश्वजितच्याच खिशात. शेजारच्या बनुबाईला लावला, व्यस्त. आणखी तिघांना लावला, तेही व्यस्त. लागणार कसे? जो तो आपली दोन घरं उरकत होता. आधी कळवलेले दोघे तेवढे सापडले. मामा जिवंत आहेत, तुम्हीही दोघादोघांना सांगा, म्हणून त्यांना विनवलं.

मग बाकावर बसून त्यानं मुलांना घालतो तेच गणित मनात मांडलं. पाच मिनिटांची एक फेरी. दोन, चार, आठ, सोळा. अर्ध्या तासाला एकशे अठ्ठावीस. खरी बातमी आत्ता कुठं दोनावर. ती चारावर जाईल तेव्हा खोटी दोनशे छप्पन्नावर. दोन्ही दुप्पट होणार, म्हणजे खरी कायम चौसष्टपट मागं. तीही लोकांनी तेवढ्याच हौसेनं सांगितली तर. आणि भावकीचे उंबरे तर सगळे मिळून दीडशे. गणित मामीच्या दारावरून केव्हाच पुढं गेलं होतं. उत्तर बरोबर होतं. त्याचं करायचं काय, हे शिकवणीत नव्हतं.

शेवटी बनुबाईनं फोन उचलला. मागं बायकांचा आकांत.

"मावशे, मामा जित्तं हायती. मामीला हात लावू देऊ नगा कुनाला."

 बनुबाई म्हणाली, "आत्ताच फोडल्या रं बांगड्या. कुक्कूबी पुसलं. हळू फोडा, त्येंनी आणल्यात, एवढंच म्हनली."

संध्याकाळी रंगूबाई दवाखान्यात आली. कपाळावर घाईनं लावलेलं, जरा तिरकं कुंकू.

"हात मोकळं कशानं गं?" मामांनी विचारलं.

"भांडी घासताना फुटल्या. आवं, तुमी पडा निवांत." तिनं ओरखडलेल्या मनगटांवर पदर ओढला.

निरोप सांगणाऱ्यांचं काही गेलं नाही. मामांना तर पत्ताच नव्हता. विश्वजित भिंतीला टेकून मान खाली घालून उभा, त्याचंही म्हणाल तर काही खर्ची पडलं नव्हतं. जे भरायचं ते सगळं रंगूबाईनं भरलं, आणि वर त्यालाच विचारलं, "सकाळधरनं काय खाल्लंस का रं?"