फोडणी करपली त्या दुपारी

हिमधवल, हिममूक, हिमनिष्ठुर! स्वीडनच्या उत्तरेकडच्या त्या नगरीत मार्गशीर्ष असा उतरतो. नदी गोठलेली, भूर्जवृक्ष निष्पर्ण, आणि सूर्य म्हणजे घाईतला पाहुणा. टेकला न टेकला तोच उठतो. दुपारच्या चहाच्या वेळेलाच तिथे दिवेलागण होते.

विद्यार्थी-वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत, नांदेडचा सुमेध पडून होता. दूरदेशी शिकायला आलेला, आईबापांचा एकुलता एक लेक. पानगळ लागली तेव्हापासून तो वर्गात गेला नव्हता. आधी झोप गेली, मग भूक गेली, मग माणसंच नकोशी झाली. रविवारी मात्र केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट चढवून तो फोनसमोर बसायचा आणि आईला सांगायचा, "मजेत आहे गं!" कसली मजा नि कसलं काय!

आज मन अधिकच काळवंडलं होतं. आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे, हा विचार सकाळपासून उशाशी येऊन बसला होता आणि हलता हलत नव्हता. काल त्या विचाराची भीती वाटली होती. आज तीही वाटेना.

तोच आगीचा भोंगा वाजला. कर्कश, कर्णभेदी, काळीजकापू! भिंती थरारल्या, दारं आपटली, जिन्यात पावलं धडधडली. आग! सारं वसतिगृह बर्फात धावलं. सुमेध उठला नाही. लागू दे आग, असं त्याला वाटलं; आणि आपल्याला असं वाटावं, याने तो मुळापासून हादरला.

दारावर थाप पडली. मग थापांवर थापा.

"सुमेध! अरे उघड की दार!" ही शेजारच्या खोलीतली उत्कर्षा, सांगलीची. "आग-बिग काही नाही, माझी फोडणी करपली! धूर झाला नि तो भोंगा लागला बोंबलायला. खाली सगळे आहेत, फक्त तूच नाहीस!"

भोंगा थांबला, आणि ती शांतता भोंग्याहून असह्य झाली.

"आत आहेस ना? अरे, खरंच आग लागली असती तर?"

'झोप लागली होती, तू हो पुढे,' एवढं म्हटलं असतं तर ती गेली असती. ते वाक्य जिभेवर तयार होतं. असली वाक्यं त्याच्याकडे नेहमीच तयार असायची.

"तरी आलो नसतो," तो म्हणाला.

दारापलीकडे ती बडबडी पोरगी एकदम गप्प झाली. गेली की काय? ती जायला नको होती! किती दिवसांत त्याला कुणी हवंसं वाटलं नव्हतं.

"मी कुठे जात नाही," हलक्या आवाजात ती म्हणाली. "तू बोल."

भिंतीच्या आधाराने तो उठला. कडी काढली. समोर ती, केसांत बर्फाचे कण, डोळ्यांत पाणी.

"मला बरं नाहीये गं. खूप दिवस झाले. जगावंसंच वाटत नाही."

"चल. आत्ताच डॉक्टरकडे जाऊ."

"आईला..."

"आईलाही सांगू. मी शेजारी बसते."

त्याने बुटांत पाय सरकवले आणि तो तसाच उभा राहिला. ती उंबऱ्यापाशी खाली बसली, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधू लागली. एक बांधली, दुसरी बांधली, गाठ ओढून पाहिली. आणि मग दोघं सावकाश, पायरी पायरी, खाली उतरू लागली.