अझुकीसाठी चार वाजताची गाडी

चहा निवल्याचे ज्या सौजन्याने सांगावे, त्याच सौजन्याने माझ्या धाकट्या भावाने, कुनिहिकोने, मला अझुकी गेल्याचे सांगितले. ग्रंथालयातून मी नुकतीच परतले होते. बुटांवरचा बर्फही झटकून झाला नव्हता.

"ताई, सकाळी वाटीजवळ गार पडलेली दिसली. पण तू काळजी करू नकोस, सगळी सोय केलीय. चारला गाडी येईल."

गाडी म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दहनाची. मागे भट्टी, दारांवर रंगवलेली फुले. घड्याळात साडेतीन झाले होते.

अझुकी ही माझ्या भाचीची, चिनात्सूची, पट्टेरी खार. दुकानदार चिपमंक म्हणतात. एप्रिलमध्ये फुकुओकाला शिकायला जाताना चिनात्सूने पिंजरा माझ्या हाती दिला होता. "आत्या, आईबाबांना नाही जमणार गं. तू निदान पुस्तकं तरी वाचतेस." मी वाचली. जुन्या वैद्यकग्रंथांतील प्राण्यांवर तीस वर्षे लिहिणाऱ्या बाईला खारींवरची दोन पुस्तके जड नव्हती. शरद ऋतूत ही हातावरची खार एकाएकी चवताळते, पाळणारे त्या काळाला 'वाघाचे दिवस' म्हणतात, हेही मी खुणा करून वाचले. पुढे मुद्रिते तपासताना अझुकी माझ्या तर्जनीला दोनदा कडाडून चावली, तेव्हा मी पिंजरा उचलून मागच्या व्हरांड्यात ठेवला. आमच्या मात्सुमोतो गावातल्या घरांत माणसे बसतात तेवढीच खोली तापवली जाते. व्हरांड्यात आम्ही लोणच्याचे पिंप ठेवतो, कारण तेथे काही नासत नाही. त्या पिंपाशेजारी मी एक जीव ठेवला होता.

भावजय सात्सुकी खोक्यासमोर हात जोडून बसली होती. आत कापूस, सूर्यफुलाच्या तीन बिया, कागदाचे एक फूल आणि मधोमध मुटकुळे करून अझुकी.

"वन्सं, किती शांत दिसतेय ना? जन्मात पहिल्यांदाच."

"ती झोपलीय," मी म्हणाले. "फार गारठली की ही जात अशीच पडते. श्वास मिनिटाला एखादा, कधी तेवढाही नाही. पाहिलात कुणी?"

"पाहिला की," कुनिहिको म्हणाला. "चांगलं मिनिटभर पाहिलं मी."

"मिनिटभर! केवढा हा धीर!"

तेवढ्यात फाटकाबाहेर गाडी थांबली. चालक हाताकेयामा वेळेआधी आला होता आणि आपला अडथळा नको म्हणून बर्फातच उभा राहिला होता. कुनिहिकोचा चेहरा खरोखर पडला. अझुकीसाठी तो इतका पडला नसावा.

"ताई, माणूस बाहेर ताटकळतोय. आपणच बोलावलं आणि आता थांबा म्हणायचं? काय वाटेल त्याला?"

"आणि जिवंत खार भट्टीत घातल्यावर तिला काय वाटेल?"

"तसं नाही गं... पण वेळ ठरवली होती ना आपण."

जगाच्या इतिहासात क्रौर्यापायी किती जीव गेले याची मोजदाद झालेली आहे. संकोचापायी किती गेले याची कोणी केलेली नाही.

मी अझुकीला उचलून दोन स्वेटरांच्या मध्ये, पोटाशी धरले आणि दारातच बसले. माझ्यावरून उडी मारल्याशिवाय कोणालाही खोके बाहेर नेता येणार नव्हते.

"शेगडीजवळ धरू का?" सात्सुकीने विचारले. "पटकन ऊब येईल."

"पटकन ऊब दिली तर खरंच मरेल. गाडीची खेप फुकट जाणार नाही, एवढाच फायदा."

शेवटी हाताकेयामांना आत बोलावले. चार वेळा नको म्हणून ते उंबऱ्याशी टेकले आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, "बाईसाहेब, सावकाश चालू द्या. हिवाळ्यात खार असली की पुढची वेळ मी मोकळीच ठेवतो. आजवर तीन परत दिल्यात."

"आणि बाकीच्या?"

त्यांनी कपात पाहिले. "सगळ्याच घरांत थांबा म्हणणारं कुणी नसतं."

पाच वाजून गेले. पोटाशी काहीतरी थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले. मी हात आत घातला आणि त्याच तर्जनीत, जुन्या जखमेवरच, दात रुतले. अझुकी नेम विसरली नव्हती.

"अगं, रक्त!" सात्सुकी ओरडली.

कुनिहिको हाताकेयामांसमोर कमरेत वाकला. "माफ करा हो. नाहक त्रास दिला. जिवंत निघाली."

"छे छे," ते त्याहून खाली वाकले, "त्रास कसला!"

सात्सुकीने पिंपातले लोणचे डबाभर त्यांना बांधून दिले. मी पिंजरा माझ्या खोलीत, पुस्तकांच्या मांडणीवर आणून ठेवला.

रात्री चिनात्सूचा संदेश आला: "आत्या, अझुकी कशी आहे?"

"चावते," मी लिहिले. व्हरांड्यात तिला कोणी ठेवले होते, हेही लिहायला हवे होते. पण बोट फार दुखत होते.