तळाला चार भोकं

"काका, ही गाडी रस्त्यावर चालवणार की खाडीत सोडणार?"

प्रश्न प्रेमाच्या डोक्यातला, 'विचारून दाखव ना' हे आव्हान फिलोमिनाचं, आणि तोंड अनुपमाचं. बाकीच्या दोघी शेडच्या कोपऱ्याआड खुसखुसत उभ्या होत्या. गेल्या वर्षीची अनुपमा असती तर घाम फुटून परत फिरली असती. पण जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये इन्स्पेक्टर होणारा मुलगा गोवराने आडवा झाला, बाईंनी ऐनवेळी टोपी हिच्या डोक्यावर ठेवली, आणि अख्ख्या हॉलला दम भरून झाल्यावर नववीतल्या अनुपमाला कुणाची म्हणून भीती उरली नव्हती.

शेड वाकोल्यातली, काशीरामची. तो मूळचा मनोरीचा कोळी. वीस वर्षं लाकडाच्या होड्या बांधल्या, मग फायबरच्या, आणि आता इथे पाण्याच्या टाक्या नि कापडाच्या दुकानातले पुतळे बनवायचा. त्या पुतळ्यांच्या गर्दीत ती गाडी उभी होती. छोटीशी, उघडी, दोन माणसांची. गुबगुबीत मडगार्ड, नाकावर उभी जाळी. जुन्या बेबी ऑस्टिनच्या फोटोतून उतरल्यासारखी.

काशीराम चिडला नाही. त्याने एक सुटा मडगार्ड तिच्यासमोर धरला.

"हा उचल गो पोरी. मग विचार."

अनुपमाने दोन्ही हातांनी जोर लावला आणि मडगार्ड तिच्या कपाळावर येऊन आपटला. इतका हलका असेल हे तिला वाटलंच नव्हतं. एका हाताने सहज पेलेल एवढंच त्याचं वजन. कोपऱ्यामागून हसण्याचा फवारा आला. पण अनुपमाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मडगार्ड उलटा-सुलटा करून बघत होती.

मग काशीरामने सगळं सांगितलं. मनोरीला एका बंगल्यामागे एक जुनी हेरल्ड मोटार नऊ वर्षं माडाखाली पडून होती. खाऱ्या वाऱ्याने वरचा पत्रा पापडासारखा खाल्ला होता, पण खालचा सांगाडा, इंजिन, चाकं शाबूत होती. त्याचा भाचा बोटीवर खलाशी. त्याने आणलेल्या एका विलायती मासिकात काशीरामला फोटो दिसला होता. एक म्हातारा आणि त्याची बायको आपल्या अंगणात गाडी जोडताहेत. तिकडे म्हणे जुन्या छोट्या गाडीचा सांगाडा ठेवतात, फायबरचं नवं अंग खोक्यातून मागवतात, आणि घरच्या घरी बोल्ट आवळून बसवतात.

"म्हातारीच्या हातात पाना होता," काशीराम म्हणाला. "मी तो फोटो बगितला नि म्हटलं, होडी केली तर ही काय कठीन हाय?"

त्या रात्री अनुपमाला म्हातारीच्या हातातला तो पाना डोळ्यांसमोरून हलेना. रस्त्यावर गाड्या असून असून किती तऱ्हेच्या? मोजून दोन-तीन. त्यातली एखादी हवी तर नाव नोंदवा आणि वाट बघत केस पांढरे करा. आणि इथे एक माणूस कुणाची परवानगी न मागता, आपल्याला आवडेल त्या नाकाडोळ्यांची गाडी साच्यातून काढत होता. गाडीचं सगळं अंग मिळून अकरा तुकडे. तुटला तर नवा ओता, कंटाळा आला तर रंग बदला. असली मस्ती तिने अजून कुणात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. तिसऱ्या दिवशी प्रेमा-फिलोमिनाने तिची वाट बघणं सोडलं.

सुट्टी लागली होती. काशीरामने आधी तिला साच्याला मेण चोळायला लावलं. मेण कमी पडलं तर तुकडा साच्याला कायमचा चिकटतो, हे तिने गाडीच्या बाजूच्या आरशाची एक वाटी फुकट घालवून शिकून घेतलं. मग काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, तिच्यावर चिकट, पातळ रेझिन ओतायचं आणि रोलर फिरवून आतली हवा पिळून काढायची. मे महिन्याच्या उकाड्यात रेझिन बघता बघता दगड व्हायचं, म्हणून हात थांबवायचा नाही. सुकलेल्या तुकड्यावर चार आण्याचं नाणं वाजवत जायचं. खणखणीत आवाज आला की ठीक, बद्द आला की आत हवा राहिलीय. हे नाण्याचं काम अनुपमाला इतकं साधलं की पुढेपुढे काशीराम आपला कान लावायचाच बंद झाला. बद्द म्हटलं तिने की तो मुकाट्याने तेवढा भाग कापून काढायचा.

बिंग फुटलं ते खाजेमुळे. फायबरची कुसं मनगटात शिरून तिचे हात लालभडक झाले होते. आईने, वनमालाने, खोबरेल लावता लावता सगळं काढून घेतलं, आणि बाबा कामावरून येताच त्यांच्या कानावर घातलं.

बाबा म्हणजे विद्याधर. मालवणहून येऊन अठरा वर्षं गिरणीत मागावर उभे राहिलेले, आणि संपात नोकरी गेल्यावर मरोळच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसलेले. ते ओरडले नाहीत. मशीनवर जीव लावला की एक दिवस मशीन आपल्याला दाराबाहेर उभं करतं, एवढं म्हणाले. त्यांनी तिचं नाव टायपिंगच्या क्लासात घालायचं ठरवलं होतं. दहावीनंतर कॉमर्स, मग पंख्याखालची नोकरी.

"आणि ती गाडी चालली तर?" अनुपमाने विचारलं.

काशीराम रविवारी गाडी बाहेर काढणार होता, हे तिनेच सांगितलं होतं. जुहूला जाऊन आपल्या चाकांवर परत आली तर सुट्टीभर शेडमध्ये जा, असं बाबा म्हणाले. नाही आली तर सोमवारपासून टायपिंग, आणि त्या शेडचं नावसुद्धा काढायचं नाही.

रविवारी सकाळी शेडपुढे निम्मा वाकोला जमला. गाडी पिवळीधमक झाली होती. सीटा अजून आल्या नव्हत्या, म्हणून आत दोन लाकडी पाट ठेवले होते. काशीरामने नव्या होडीला करतात तसं सगळं केलं. हळदकुंकू वाहिलं, नाकाला हार घातला, नारळ फोडला, आणि मग पाण्यात उतरवायच्या आधी होडी धुतात तशी नळी सोडून गाडी आतूनबाहेरून धुतली.

बाहेरचं पाणी ओघळून गेलं. आतलं जाईना. ते घोट्याएवढं साठलं आणि दोन्ही पाट संथपणे तरंगू लागले.

काशीरामने आयुष्यभराच्या सवयीने गाडीचा तळ एकसंध ओतला होता. गिअरच्या दांड्याचं भोकसुद्धा उंचवट्यावर काढलं होतं. त्याने वाकून गाडीखाली हात फिरवला, कोरडा हात सगळ्यांना दाखवला आणि अभिमानाने म्हणाला, "एक थेंब गळत नाय."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग लोक हसायला लागले ते थांबेचनात. प्रेमा तर पोट धरून खालीच बसली. पाऊस आला की मासे पाळा यात, असं कुणीतरी ओरडलं.

"ह्यां खेळणां आसा," बाबा आईला म्हणाले. "चल."

अनुपमाचे कान तापले. तिने भिंतीवरचं गिरमिट काढलं आणि काशीरामपुढे जाऊन उभी राहिली. तळाला चार भोकं हवीत, चार कोपऱ्यांत, असं तिने सांगितलं. काशीरामचा चेहरा उतरला. पंचवीस वर्षांत त्याने कुठल्या तळाला भोक पाडलं नव्हतं, पडलेली बुजवली होती. आणि आता तर नारळ फुटला होता.

"काका, होडीत पाणी शिरू द्यायचं नसतं. गाडीत शिरणारच आहे, ते जाऊ द्यायचं असतं."

"माज्या हातून होनार नाय."

"माझ्या हातून होईल."

काशीरामने हात जोडले, समुद्र होता त्या दिशेला तोंड केलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. "पाड. मी बगनार नाय."

अनुपमा फ्रॉक सावरून गाडीतल्या पाण्यात उतरली. लोक हसतच होते. हसा म्हणावं. तिने जागा चाचपली, सांगाड्याची पट्टी टाळली आणि गिरमिट फिरवायला घेतलं. हाताला फोड आला. पहिलं भोक पडलं तशी पाण्याची धार खाली पडून काशीरामच्या पायांपर्यंत वाहत गेली. तो दचकला, पण वळला नाही. चौथ्या भोकापर्यंत हसणं थांबलं होतं, आणि आई बाबांचा हात धरून त्यांना थांबवून उभी होती.

पाट पुसून काशीराम आणि अनुपमा आत बसली. काशीरामने चावी फिरवली. इंजिन खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि लागलं.

जुहूपर्यंतच्या रस्त्यावर आली एवढी मजा अनुपमाला आधी कधी आली नव्हती. हॉर्न लागत नव्हता, म्हणून हॉर्नचं काम तिने केलं. "बाजूला व्हा रे" असं इन्स्पेक्टरच्या आवाजात ओरडलं की सायकलवाले वाट सोडत होते. सिग्नलला एका काळ्या लांबलचक गाडीतल्या साहेबाने काच खाली करून ही कुठली मेक, असं विचारलं.

"वाकोला," अनुपमा म्हणाली.

जुहूच्या वाळूच्या कडेला त्यांनी गाडी वळवली, इंजिन थंड होईपर्यंत दहा मिनिटं उभी केली आणि तासाभराने पुन्हा शेडपुढे आणून लावली. स्वतःच्या चार चाकांवर.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर बोटाने टिचकी वाजवून पाहिली. दिलेला शब्द त्यांनी पाळला, सुट्टीभर ये म्हणाले. पण हौस ती सुट्टीपुरतीच, हेही लगेच जोडलं. गाडी काशीरामने केली, तू नुसती भोकं पाडलीस. टायपिंग जूनमध्ये सुरू करू.

"हिचा कान नसता तर बॉनेट पयल्या खड्ड्यात फुटला असता," काशीराम मधेच बोलला.

"तुम्ही थांबा, काका." अनुपमा पाटावर उभी राहिली, म्हणजे बाबांच्या डोळ्यांत डोळे घालता येतील. "आई, तूही ऐक. जूनमध्ये मी टायपिंगला जाणार नाही. दहावीला फर्स्ट क्लास आणीन, गणितात तर जास्तच आणीन, आणि कॉमर्सचा फॉर्म भरणार नाही. पॉलिटेक्निकचा भरेन, मेकॅनिकलचा. तिथे मुली नसतील तर मी पहिली असेन. बाबा, तुम्हाला मशीनने दाराबाहेर काढलं, कारण ते मशीन मालकाचं होतं. मी माझं बनवायला शिकणार आहे. हे मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय."