गुंडाची आणि बनुबाईची फॅट

सांगलीतली नोकरी मिळाली नाही तर अंकितासाठी आलेल्या लोणंदच्या स्थळाला होकार कळवायचा, असं घरात ठरलं होतं. तिला ते लग्न नको होतं. वडील जयराज सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. एवढी सवलत त्यांनीच भावकीशी भांडून मिळवली होती.

१९९९ साली अंकिता साताऱ्याच्या ज्या क्लासला जाई, तिथे जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालणारा संगणक एकच होता आणि त्यावर बसायला क्वचित मिळे. सुमंत सर फळ्यावर जावातले शब्द लिहून व्याख्या पाठ करून घेत. प्रोग्रॅममध्ये एरर आला की नावापुढे स्टॅटिक हा शब्द लावायचा, हा त्यांचा ठरलेला उपाय. कोरेगावात घरी जयराज अंगणात उभे राहून कवायतीच्या आवाजात शब्द पुकारत. प्रायव्हेट. फायनल. व्हॉइड. अंकिता भाकरी थापता थापता उत्तर देई.

सांगलीची कंपनी दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत असे. मुलाखत घेणाऱ्या विनोदिनीबाईंनी आधी स्टॅटिकचा अर्थ विचारला. ते प्रत्येक ऑब्जेक्टचं वेगळं नसतं, सगळ्यांत मिळून एकच असतं, असं अंकिताने न अडखळता सांगितलं. बाईंनी तिला संगणकावर बसवलं. डेअरीला दूध घालणाऱ्या दोघांची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दोन ऑब्जेक्टची, फॅट छापायची होती. गुंडाचं दूध गाईचं, बनुबाईचं म्हशीचं. पण प्रोग्रॅम एरर देत होता.

अंकिताने फॅटपुढे स्टॅटिक लावलं. एरर गेला. पडद्यावर दोघांचीही फॅट म्हशीचीच, साडेसहा आली.

"गुंडाची गाय एवढी फॅट देते?" बाईंनी विचारलं.

अंकिताला आपलंच उत्तर आठवलं: सगळ्यांत मिळून एकच. तिने स्टॅटिक खोडलं, एरर परत आला. त्याचं पुढे काय करायचं, हे कधी कुणी दाखवलं नव्हतं.

"व्याख्या बरोबर होती तुमची," म्हणत बाईंनी पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.

जयराज कंपनीच्या फाटकाशी उभे होते.

"काय इचारलं गं?"

"स्टॅटिक."

"मंग? सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं की. बरोबर हाय म्हणाल्या."

"मंग झालं तर."

"न्हाई आबा. घ्यायच्या न्हाईत मला."

दोघं परतीच्या एसटीत बसले. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा अंकितानेच समोरचा एसटीडी बूथ दाखवला.

"आबा, लोणंदला हितनंच कळवा."

ते उतरले. खिडकीतून ती बघत होती. फोन कानाला लावून ते ताठ उभे होते.